गेरूची रेघ

फार फार वर्षांमागची गोष्ट. एका राजाच्या मुदपाकखान्यात साठ पितळी पातेली होती. राजकन्येचं लग्न ठरलं, तेव्हा पातेल्यांना कल्हई लावायला परगावचा एक कल्हईवाला महिनाभरासाठी ठेवला.

माणूस हाताचा सच्चा. त्याच्या कल्हईत तोंड दिसायचं. पण मान ताठ.

वाड्याची एक रीत होती. बाहेरून आलेल्या कारागिराने मजुरी तर घ्यावीच. शिवाय कामात जे सामान खपेल, ते रोज दिवेलागणीच्या आत कोठीवाल्याला सांगावं. कोठीवाला त्याच्या नावाखाली भिंतीवर गेरूची रेघ ओढी. रेघेप्रमाणे पैसे मिळत, अडलं तर आगाऊही. मागाहून सांगितलेलं चालत नसे.

मांडव घालणारा सुतार रोज जाऊन सांगे, "आज खिळे मूठभर, दोरी दहा हात."

कल्हईवाला हसे. "मजुरी घ्यायची आणि वर खिळेही मागायचे? लाज कशी वाटत नाही रे?"

"खिळे काय मी माझ्या घरी ठोकले?" सुतार म्हणे.

कल्हईवाल्याच्या नावाखाली भिंत कोरीच राहिली. कथील, नवसागर, कोळसा, सगळं तो पदरच्या पैशाने आणी. पंचेचाळीस पातेली झाली आणि कनवटीला काही उरलं नाही.

आता सांगायचं कुणाला? इतके दिवस मिरवलेली मान वाकवायची कशी? उरलेला कथलाचा तुकडा त्याने पुरवून पुरवून वापरला. शेवटच्या पंधरा पातेल्यांना वरून चकाकी आली. हाताला मात्र खरं काय ते ठाऊक होतं.

लग्नाला तीन दिवस उरले. मुदपाकखान्यातल्या म्हाताऱ्या आचारणीने कल्हई पारखायला प्रत्येक पातेल्यात वाटीभर आंबट ताक घालून ठेवलं. सकाळी पाहिलं, तर पंचेचाळीस पातेल्यांत ताक जसंच्या तसं. शेवटच्या पंधरांत हिरवट पडलेलं. कळकलेलं.

"लेका, इकडे ये. हे चाख."

कल्हईवाल्याने चाखलं नाही. खाली बघितलं. लग्नाची कढी अशी कळकली असती, तर पाहुणे आजारी पडले असते. त्या मुलखात पुन्हा एकाही बाईने त्याच्या हाती भांडं दिलं नसतं.

"कथील संपलं होतं, मावशी."

"मग बोलायचं होतंस. तोंडाला काय कल्हई लावली होती?"

"मागायला मी भिकारी नाही."

म्हातारीने पदराने पातेल्याची कड पुसली. "भिकारी स्वतःसाठी मागतो, बाबा. तू पातेल्यासाठी मागायचं होतंस. तुझा ताठा काय पाहुण्यांच्या पानात वाढू?"

तो उठला. कोठीवर जाऊन कथलासाठी आगाऊ पैसे मागितले. त्याच्या नावाखाली पहिली रेघ पडली. सुताराने ती पाहिली. टोमणा मारला नाही. मुकाट्याने येऊन भाता ओढायला बसला.

पंधराही पातेली घासून त्यांना पुन्हा कल्हई झाली. लग्न लागलं. पाहुण्यांनी कढी मागून मागून प्यायली.

हिशेबाच्या दिवशी त्या शेवटच्या पंधरा पातेल्यांचा खर्च धरला गेला. आधीच्या पंचेचाळीसांचा नाही. रीत ती रीत. निम्मी मजुरी त्यातच गेली.

निघताना म्हातारीने त्याच्या हाती लाडवांचं गाठोडं दिलं. "याची रेघ नको हो ओढायला लावूस," ती म्हणाली. महिन्यात पहिल्यांदा तो मान खाली घालून हसला.

कामाला लागलेला खर्च वेळेवर मागावा; ताठ्यापायी तो गिळला, की काम पोकळ होतं.