खालच्या ओळीचे आकडे

फार जुनी नाही, बारावीच्या सराव-वहीतली गोष्ट. दोन कंसांच्या भिंतींमध्ये दोन ओळींचा मॅट्रिक्स राहायचा. वरची थोरली ओळ तीन-पाच. खालची, नवीन आलेली, एक-दोन.

"अगं, एक-दोन काय शोभतं आपल्या घराला? माझ्यासारखी हो," थोरली म्हणाली.

खालचीने निमूटपणे तीन-पाच लावलं. थोरली खूश झाली.

तेवढ्यात पेन्सिल आली. तिने तिरके गुणाकार केले. तीन पाचे पंधरा, पाच त्रिक पंधरा. वजा केले, शून्य!

"शून्य आलं की त्याने भागता येत नाही, पुढे वाट नाही. खोडते दोघींना."

"अगं, कर की काहीतरी!" थोरली खालचीला म्हणाली.

खालचीने झटकन आपले मूळचे एक-दोन लावले. तीन दुणे सहा, पाच एके पाच. उरला एक. पेन्सिल पुढच्या पायरीकडे वळली.

"एकच उरला," थोरली पुटपुटली.

"हो जाऊबाई, पण दोघी उरलो."