डोंगराच्या पोटातली भेट

फार फार वर्षांपूर्वी, नकाशे भूर्जपत्रावर काढत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे तुडुंब भरलेलं तळं. गावाची शेवटची विहीर आटत आली होती. उन्हाळ्याआधी पाणी आलं नाही तर गाव उठणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

राजाने कालिंदीला बोलावलं. बारा वर्षं गुरुगृही भूमिती शिकून ती नुकतीच परतली होती. तिने सांगितलं, तळ्याचं पाणी गावात आणायला डोंगर दोन्ही बाजूंनी एकदम खोदायचा आणि बोगदा मध्यावर जुळवायचा. ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

खोदकाम सुरू झाल्यावर म्हातारा पाथरवट येसाजी मात्र म्हणाला, "बाई, खडकात मऊ शिरा असत्यात. छिन्नी आपसूक तिकडं वळती. एकदा आत येऊन बघा."

"बाबा, माझी रेषा सरळ आहे. तुम्ही फक्त खोदा," असं म्हणून कालिंदी बोगद्याबाहेरच्या छपरीत नकाशापाशी जाऊन बसली. शिकलेल्यांना धुळीचं वावडं असतं, तसं तिलाही होतं.

ठरलेला दिवस उजाडला. बोगदे काही भेटले नाहीत. आणखी आठ दिवस खोदलं, तरी समोर खडकच. गावात बैलगाड्यांवर सामान चढू लागलं, तेव्हा कालिंदी नकाशापासून उठली. ती पहिल्यांदाच आत शिरली.

येसाजीने तिला भिंतीवरून हात फिरवायला लावला. मऊ शीर हाताला लागली. त्या शिरेमागोमाग सगळा बोगदा हळूच डावीकडे वळला होता. कालिंदीला स्वतःची लाज वाटली.

"वळतंय हे मला कळत हुतं," येसाजी म्हणाला, "पर किती वळलं, ते मला कुठं मोजता येतंय?"

तिने दोऱ्या ताणून मोजलं. मग खडकाला कान लावून पलीकडचे घाव कसे ऐकायचे, ते येसाजीने तिला शिकवलं. हिशेब आणि कान, दोघांनी एकच जागा सांगितली. उजवीकडे अकरा हात. कालिंदीने स्वतः छिन्नी उचलली.

नवव्या दिवशी खडकाला भोक पडलं आणि पलीकडून धुळीने माखलेला एक हात आत आला. कालिंदीने तो धरला. एवढ्या प्रचंड डोंगराच्या पोटात माणसाला माणूस सापडला होता. जन्मभर दगड फोडलेल्या येसाजीनेही गुडघे टेकून खडकाला नमस्कार केला.

चार दिवसांनी पाणी आलं. सारं गाव बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून नुसतं बघत राहिलं. मग लोकांनी गाड्यांवरचं सामान निमूटपणे उतरवलं.

तात्पर्य इतकंच, की शिकलेलं हाताने करून पाहिलं नाही आणि हाताने केलेलं मोजून पाहिलं नाही, तर दोन्ही अर्ध्या वाटेतच अडकतात.