मल्लानं हात टेकले त्याची गोष्ट

फार फार पूर्वी, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही जे राज्य ऐकूनच ठाऊक होतं, त्या राज्यात एक मल्ल राहत होता. गडी कसा, तर चांगला आडदांड! त्याच्या पाठीला आखाड्याची माती कधी लागली नव्हती. आणि येता-जाता तो एकच गोष्ट सगळ्यांना ऐकवायचा, "मी आजवर कुणापुढे हात टेकले नाहीत."

ठीक आहे, आखाड्यात ते शोभतं. पण संसाराचा आखाडा निराळा असतो, बाळांनो.

एका वर्षी तापाच्या साथीत त्याची बायको गेली. मागे राहिली एवढीशी लेक, ठकू. आई गेल्यापासून ती पोर हसायची नाही. घास भरवला तर तोंड फिरवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. मल्ल तिला छातीशी घट्ट धरून बसायचा, पण ते हात पडले लोखंडाचे. त्यांच्या कुशीत पोरीला झोप येईना.

पलीकडच्या आळीत ठकूची मावशी राहत होती, म्हणजे मल्लाची धाकटी मेहुणी. ती येऊन म्हणाली, "दाजी, पोरीला माझ्याकडे आणत जा. तुम्हीही दोन घास खा."

"काही गरज नाही," मल्ल म्हणाला. "माझी लेक मी सांभाळीन. अजून हात टेकले नाहीत मी."

मावशी पदरानं डोळे पुसत परत गेली. आता याला काय म्हणावं! पोर सुकत होती, आणि बापाला आपल्या फुशारकीची पडली होती. पण दोष तरी किती द्यायचा? आतून तो पार घाबरलेला होता. हीही गेली तर, या विचारानं त्याला स्वतःलाच घास उतरत नव्हता.

शेवटी तो ठकूला घेऊन तळ्याकाठच्या म्हाताऱ्या योगिनीकडे गेला. ती तेव्हा बकासनात होती. तळहात जमिनीवर, गुडघे दंडांवर आणि पाय अधांतरी. सगळं अंग दोन हातांवर तोलून म्हातारी बगळ्यासारखी निवांत होती.

"आई, पोर हसत नाही, जेवत नाही. काही औषध द्या."

योगिनीनं पाय खाली घेतले. ठकूकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. "औषध तुलाच द्यावं लागेल. चल, हे आसन कर."

मल्लाला हसूच आलं. एवढंसं तर आसन! तो उकिडवा बसला.

"हां. आता हात टेक."

मल्ल ताडकन उभा राहिला. "आई, दुसरं काहीही सांगा. मी हात टेकत नसतो!"

"अरे वेड्या, हात टेकल्याशिवाय बकासन होईल कसं?" म्हातारी खळखळून हसली. "बगळ्याला पंख आहेत. तुला कुठं आहेत?"

मल्लानं ठकूच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग दातओठ खात हात टेकले. योगिनीनं गवताचा भारा आणून त्याच्या पुढ्यात पसरला.

"हे कशाला?"

"तू पडणार म्हणून."

त्यानं सगळा जोर लावून पाय उचलायला पाहिलं. पाय तसूभर हलेनात.

"जोर नको रे. नजर समोर ठेव आणि पुढं झुक. अंगाचा भार हातांवर सोपव, पाय आपोआप सुटतील."

"आणि तोल गेला तर?"

"तर गवत आहे की. पडणाऱ्यासाठी कुणी ना कुणी गवत पसरून ठेवलेलं असतं, बाळा. तू मान वर करून बघतोस कुठं?"

मल्ल झुकला. पाय सुटले! क्षणभर तो खरोखर अधांतरी होता. पण सुटले की नाही ते बघायला त्यानं मान खाली घातली मात्र, धप्पकन पडला. नाक गवतात आणि पाय आभाळात!

तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं. ठकू! टाळ्या पिटत ती म्हणाली, "बाबा पल्ला!"

ते हसू ऐकलं आणि मल्ल तिथंच गवतात पडून हुंदके देऊन रडला. बायको गेली तेव्हाही तो रडला नव्हता. ठकू दुडुदुडु आली, त्याच्या केसांतली गवताची काडी काढली आणि त्याच्या कुशीत शिरली. आता ते हात सैल पडले होते.

तिथून तो ठकूला घेऊन थेट मावशीच्या दारात गेला. उंबऱ्यापाशी उकिडवा बसला आणि दोन्ही हात जमिनीला लावून म्हणाला, "ताई, मी हात टेकले. मला एकट्याला झेपत नाही."

मावशी तशीच वळली. आत गेली आणि वाटीभर मऊ भात घेऊन आली, वर तुपाची धार. भाताला अजून वाफ होती.

"एवढ्यात कसा झाला?" मल्लानं विचारलं.

"रोजच करते, दाजी. पोर आज येईल म्हणून. नाही आली की संध्याकाळी गाईला घालते."

मल्लाला तो गवताचा भारा आठवला. त्यानं पहिला घास ठकूपुढं धरला. ठकूनं आ केला, आणि बघता बघता वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

पुढं ठकू चांगली टुणटुणीत झाली. मल्ल आखाड्यात पोरांना शिकवू लागला. नव्या पोराला पहिलं आसन बकासन, आणि त्याच्यापुढं गवत पसरायचं काम मल्ल स्वतः करायचा.

बोध इतकाच: एकट्याला झेपेना तेव्हा आपल्या माणसांपुढं हात टेकावेत, ती हार नसते, गेलेला तोल तिथंच सापडतो.