गोलानंतरची तबकडी

"शुक्रवारपर्यंत दोन्ही पेठांचं एकच मत माझ्यापुढं आणा! एक माणूस जरी विरोधात निघाला, तर रविवारची फायनल रद्द! मग त्या मैदानावर माझे घोडे चरतील!"

अंबवडे संस्थानचे सरकार गरजले आणि आम्ही फुटबॉलवेडे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

भांडण कशावरून? तर तबकडीवरून! सरकारांनी मुंबईहून ग्रामोफोन आणि एक भलामोठा भोंगा आणला होता. गोल झाला रे झाला की सरकार स्वतःच्या हातानं तबकडीवर पिन टेकवायचे आणि मैदानभर बँड वाजायचा. त्यांना वाटलं, लोक खूश होतील. लोक आणि खूश? अहो, आम्हाला बासुंदी वाढली तरी आम्ही वाटी लहान आहे म्हणणारी माणसं!

"गोल झाल्यावर बोंबलायचं आम्ही का त्या भोंग्यानं? आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नाही!" वरची पेठ म्हणाली.

"बँड नको, सनई लावा," खालच्या पेठेतले म्हातारे म्हणाले.

"सनई? गोल आहे का साखरपुडा?"

मी दत्तोबा शिंत्रे, खालच्या पेठेचा सेक्रेटरी. सरकारांकडं तबकडीबद्दल एकूण तीनशे अर्ज गेले, त्यांतले दोन माझे, मैदानातच बसून मोठ्यानं वाचत लिहिलेले. एकात मी बँड हवाच म्हटलं होतं, दुसऱ्यात बँड बंद करा म्हटलं होतं. आता एवढा मोठा सेक्रेटरी म्हटल्यावर दोन मतं असायचीच की!

एकमत करायला आम्ही बुधवारी सभा भरवली, तीही तालमीत. तिथं बसायला जागा कमी आणि आपटायला माती भरपूर. पाव तासात निम्मी सभा हौद्यात होती. माझी टोपी वरच्या पेठेच्या एका पैलवानाच्या डोक्यावर दिसली. मी मागायला गेलो, तर तो म्हणाला, "ही माझीच हाय." त्याचे दंड बघून मलाही ते पटलं.

दारात गुंडाप्पा डोळे पुसत उभा होता. मैदानावर पांढऱ्या फक्कीनं रेषा आखायचं काम त्याचं. कंबर धरल्यापासून ते त्याची लेक हौसा करायची. बापलेकीची झोपडी मैदानाच्या कोपऱ्यातच होती. मैदानावर घोडे आले, की काम गेलं आणि झोपडीही गेली!

हौसा पुढं आली. "कशाला डोकी फोडताय? समद्यांचं मत एकच तर हाय!"

आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर सगळ्यात मोठ्यानं.

शुक्रवारी दोन्ही पेठा मैदानात खाली मान घालून उभ्या होत्या. सरकार तंबूतून बाहेर आले. "आणलं का मत?"

"आणलंय, सरकार," हौसा म्हणाली. "ह्या सेक्रेटरींचे दोन अर्ज तेवढे काढा." मग माझ्याकडं वळली. "बँड हवाच, हे कधी लिहिलंत?"

"आपला गोल झाला त्या संध्याकाळी."

"आन् बंद करा, हे?"

मी धोतराचा सोगा नीट करायला लागलो.

"वरच्या पेठेचा गोल झाला, त्या संध्याकाळी. व्हय का न्हाई?"

मैदान खदाखदा हसलं. हौसा ओरडली, "हसू नगा, हात वर करा! आपल्या पेठेचा गोल झाल्यावर वाजवावं, असं कुणाकुणाला वाटतं?"

झाडून सगळे हात वर!

"आन् दुसऱ्या पेठेचा झाल्यावर?"

एकही हात नाही. खाजवायलासुद्धा कुणी उचलला नाही.

"हे बघा, सरकार! एकच मत. विरोधात एक माणूस न्हाई!"

सरकारांच्या मिशा हलल्या, पण ते हट्टाला पेटले होते. "मत मान्य! पण अंमल कसा करायचा? गोल एकाचा, म्हणजे दुसऱ्यावर. वाजवलं तर एक पेठ रुसते, नाही वाजवलं तर दुसरी. आणि तबकडी मी बंद करणार नाही, सांगून ठेवतो! मी एकटाच काय तो निःपक्षपाती!"

"आपण?" हौसानं पदर खोचला. "लहान तोंडी मोठा घास हाय सरकार, पण गेल्या रविवारी वरच्या पेठेनं गोल केला, तवा पिन सापडली न्हाई. आन् खालची पेठ गोल करणार, तर चेंडू माझ्या फक्कीच्या हातभर अलीकडं, गोलकीपरनं पकडलेला, आन् बँड सुरू! सेक्रेटरी तर नाचायबी लागले हुते!"

होय, नाचलो होतो. नाच थांबल्यावर कळलं, गोल नाहीच.

 आता हिची धडगत नाही, असं वाटून मी हळूच दोन पावलं मागं सरकलो.

सरकार हळूच म्हणाले, "मग पिन द्यायची कुणाच्या हातात?"

"गोल खाल्लेल्या पेठेच्या! त्यास्नी वाटंल तवा वाजवतील."

"ते कशाला वाजवतील मरायला?"

"न्हाई वाजवली तर न्हाई! गोल करणाऱ्यास्नी सोताचं वरडणं ऐकू यील, खाणाऱ्यांच्या जखमेवर मीठ पडायचं न्हाई. आन् सरकारांनी तबकडी बंद केली, असं म्हणायची कुणाची टाप हाय?"

सरकार असे हसले, असे हसले, की हुजऱ्याला पागोटं धरावं लागलं! "पोरी, आम्हालाही पकडलंस!" तिथल्या तिथं त्यांनी मैदानाची सगळी व्यवस्था हौसाच्या हाती दिली, झोपडीच्या जागी पक्कं घर बांधायचा हुकूम सोडला आणि बजावलं, "यापुढं माझ्या घोड्यानंसुद्धा इथं हिला विचारूनच पाय ठेवायचा!"

रविवारी फायनल झाली. वरच्या पेठेनं चार गोल केले आणि घसे बसेपर्यंत बोंबलून घेतलं. गोल खाल्लेल्या पेठेचा सेक्रेटरी म्हणून पिन चारही वेळा माझ्याच हातात होती. मुठीत इतकी घट्ट धरली होती, की अंगठ्याला तिची खूण अजून आहे!