शंखगडावरचा मुकुट

एका राज्यात, जिथे डोंगर थेट समुद्राला भिडत, वीरकेतू नावाचा तरुण राजा होता. त्याच्या वडिलांचा मुकुट शंखगडावरच्या धूम्राक्ष मायाव्याने हिरावून नेला होता. 'मुकुट आणीन तरच सिंहासनावर बसेन,' असा पण करून राजा गडावर गेला, तो परतलाच नाही. प्रजा पोरकी झाली. तेव्हा त्याची धाकटी बहीण मृगलेखा उठली. कमरेला खड्ग बांधून ती गडाची वाट चढू लागली.

महाद्वारावर समुद्रगरुड बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, मागे फीर. आत गेले ते पाषाण झाले."

"पक्षिराज, माझा भाऊ आत आहे. मार्ग सांगा."

"तीन दारे, तीन कसोट्या. पहिल्या दारी शस्त्र ठेव. दुसऱ्या दारी हाकेला ओ देऊ नकोस. तिसऱ्या दारी, जे सर्वांत हवेसे वाटेल ते समुद्राला दे."

पहिल्या दारी दोन वाघ गुरगुरत होते. मृगलेखेने खड्ग त्यांच्या पुढ्यात ठेवले. वाघांनी जिभल्या चाटत वाट दिली.

दुसऱ्या दारी मागून हाक आली. आवाज तिच्या दिवंगत आईचा होता. "लेखा, दमलीस ग बाळे. जराशी बस."

तिचे डोळे भरून आले. पदर दातांत धरून ती चालतच राहिली.

तिसरे दार उघडले. आत मोत्यांच्या राशी, पाषाण झालेली माणसे, मधोमध तो मुकुट, आणि त्याच्याकडे हात पसरलेला पाषाणाचा वीरकेतू. धूम्राक्ष हसला. "ने मुकुट. राज्य तुझे. भावाची चिंता कशाला? दगडाला काही दुखतखुपत नाही."

मृगलेखेने मुकुट उचलला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ती त्याच्या पाचूंशी खेळली होती. तिने तो छातीशी धरला, बुरुजावर गेली आणि खाली समुद्रात भिरकावला.

समुद्र गर्जला. लाट गडाइतकी उंच आली आणि सारा खजिना घेऊन गेली. धूम्राक्षाचा धूर झाला, तो वाऱ्याने नेला. पाषाणांनी श्वास घेतला.

"लेखा! मुकुट कुठे?"

"समुद्राला दिला, दादा."

"मग मी राजा कसला?"

"ते प्रजेला विचार."

सर्वांना घेऊन दोघे गड उतरले. पायथ्याशी उभ्या प्रजेला राजाने खरेच विचारले. एका म्हाताऱ्या कोळ्याने आपला फेटा सोडला आणि राजाच्या मस्तकी बांधला. फेट्याला माशांचा वास येत होता. वीरकेतू पोट धरून हसला, आणि तसाच सिंहासनावर जाऊन बसला.

त्या राज्यात मग सुखाचे वारे वाहिले. ऐकणाऱ्यांच्या दारीही ते वाहोत.