सरकार, वाजले किती?

शिवसळचे रुद्राजीराव महाराज विलायतेहून प्लॅटिनमचं घड्याळ घेऊन आले, आणि आठवडा उलटला तरी त्यांना कोणी वेळ विचारली नाही.

महाराजांनी काय काय करून पाहिलं! अंगरख्याची डावी बाही कोपरापर्यंत आखूड करून घेतली. दरबारात तासन्‌तास हनुवटीला मनगट टेकून बसले. पण विचारणार कोण? वाड्याच्या देवडीवर घंटा होती. म्हातारा म्हादबा तासातासाला टोल द्यायचा आणि त्यावर सगळं गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं.

शेवटी महाराजांनी मनगट पुढे करून दिवाणजींनाच विचारलं, "आमच्या हातात काय आहे?"

"सत्ता, सरकार," दिवाणजी लवून म्हणाले.

वाड्यावर पाणी भरणारी धुरपा तिथेच कळशी उतरवत होती. तिला हसू आवरलं नाही.

महाराज भडकले. "हसतेस? मग हे काम तूच कर. सगळ्या गावानं आपण होऊन यावं आणि आम्हांला वेळ विचारावी. दवंडी पिटायची नाही, हुकूम काढायचा नाही, बक्षीस वाटायचं नाही, घड्याळाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. जमलं नाही तर या वाड्याची पायरी चढू नकोस."

वाड्याच्या पाण्यावरच धुरपेचं आणि तिच्या आंधळ्या सासूचं पोट चालत होतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "जमेल सरकार. तेवढी म्हादबाला रजा द्या. बिचारा कैक वर्षांत लेकीकडे गेला नाही."

"त्याचा इथे काय संबंध? बरं, दिली."

म्हादबा त्याच संध्याकाळी लेकीच्या गावाला गेला. दुसऱ्या दिवशी घंटा वाजलीच नाही.

सकाळी पंतोजी धापा टाकत आले. "सरकार, वाजले किती? शाळा भरवायचीय."

महाराज हरखले. "या, नीट पाहा. प्लॅटिनम आहे. सोन्याहून महाग."

"मग चांदीसारखं का दिसतं?" पंतोजींनी भाबडेपणानं विचारलं, वेळ ऐकली आणि निघून गेले.

मागोमाग वैद्यबुवांचा रोगी आला. हलवाई आला. सासरी निघालेली पोर आली, तिला निरोप द्यायला आलेल्या चौघीजणी आल्या. महाराजांनी घास उचलावा की दारात कोणीतरी उभं. डुलकी लागावी की खिडकीतून हाक.

"अगं, हे प्लॅटिनम..." महाराज एकीला सांगू लागले.

"असेल सरकार. वाजले किती ते सांगा, चुलीवर दूध ठेवून आलेय."

तिसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. दमलेले महाराज घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. भटजी वेळ विचारायला आले, तेव्हा बंद पडलेल्या घड्याळात पाहून महाराजांनी ऐटीत वेळ सांगितली. मुहूर्त टळला. नवरीची आजी काठी टेकत थेट दिवाणखान्यात शिरली.

"एवढं महागाचं घेतलंत," ती म्हणाली, "चालणारं नव्हतं का मिळत?"

आजी गेल्याबरोबर महाराजांनी धुरपेला बोलावणं धाडलं. "त्या म्हादबाला परत आण!"

"सगळं गाव कुठे आलंय सरकार? वरची आळी राहिलीय अजून."

"जिंकलीस तू, बाई. दिवाणजी, घोडेस्वार पाठवा. म्हादबाला असेल तसा उचलून आणा."

घंटा पुन्हा वाजू लागली आणि महाराज पोटभर जेवले. मग त्यांनी धुरपेला विचारलं, "इतकी माणसं आली. आमचं घड्याळ एकानंही पाहिलं नाही?"

"पाहिलं की सरकार. बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं."

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. महाराज क्षणभर लाल झाले आणि मग पोट धरून हसू लागले. हसता हसता त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. "घे. हेच तुझं बक्षीस."

धुरपेनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको सरकार. उद्यापासून गाव माझ्या दारात येऊन उभं राहील. द्यायचीच तर म्हैस द्या. म्हशीला कोणी वेळ विचारत नाही."

त्याच दिवशी वाड्याच्या गोठ्यातली सर्वांत दुभती म्हैस धुरपेच्या अंगणात गेली. महाराज खिडकीत उभे राहून त्या म्हशीकडे पाहत होते आणि पुन्हा पुन्हा हसत होते.