ठकूबाईची उभी पंगत

फार वर्षांपूर्वी, घाटाला डांबर ठाऊक नव्हतं आणि माल बैलांच्या खांद्यावरून उतरायचा, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला खिरवडी. खिरवडीच्या वेशीजवळ ठकूबाईची खानावळ, आणि मागे मुक्कामाच्या खोल्यांची ओळ. नवरा लवकर गेला, दिरांनी हात वर केले, तर या बाईने पदर खोचला आणि चूल रस्त्यावर मांडली. कुणाच्या दारात गेली नाही. सगळा मुलूख तिच्या दारात आला.

तिचे कायदे दोनच. भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही, मग दारात यम का उभा राहीना. आणि जेवण झालं की ताटात हात धुवून ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय ती ताट उचलत नसे. मानाची भुकेली होती बाई, आणि का नसावी? असं म्हणतात, तिच्या तव्यावर भाकरी फुगली की वर घाटात बैलांना वास यायचा, आणि ते चाबकाशिवाय उतरायचे.

एका उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी उलटी, संध्याकाळी तिरडी. गाव भेदरलं, आणि भेदरलेल्या गावाला औषधाआधी हवा असतो बळी. तो सापडायला वेळ लागला नाही. म्हसू त्याचं नाव. बोथट जात्यांना छिन्नीने टाकी लावत गावोगाव हिंडायचा, आणि ठकूबाईच्या खोलीत उतरला होता. कुणीतरी त्याला विहिरीवर छिन्नी धुताना पाहिलं. दगडाची भुकटी पाण्यात उतरली, पाणी पांढरट दिसलं. झालं! विष कालवलं म्हणे.

भर दुपारी काठ्या घेऊन माणसं खानावळीवर आली. पुढे रंगराव मोकाशी. सकाळीच त्याने पोटच्या पोराला अग्नी दिला होता.

“ठकूमावशी, त्याला बाहेर काढ.”

“जेवतोय तो.”

“जेवतोय? माझ्या पोराच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही!”

“रंग्या, तुझ्या पोराच्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्या. तो गेला तेव्हा माझीही चूल विझली होती. पण भरल्या ताटावरून माणूस ओढलास, तर तुझ्या वंशाला घास गोड लागायचा नाही.”

काठ्या खाली आल्या. त्या सगळ्यांनी तिच्याकडे खाल्लेलं होतं. रंगराव म्हणाला, “जेवू दे. किती जेवेल? ताट उचललं की तो आमचा.” आणि सगळे ओट्यावर बसून राहिले.

ठकूबाई वाढायच्या निमित्ताने म्हसूच्या कानाशी वाकली. “हळू खा. दिवस मावळताना माझ्याकडे जेवणारे गाडीवान घाट उतरतील, ते तुला मधे घालून नेतील. तोवर ताट चालू ठेवायचं.”

“मावशी, घास उतरत नाही.”

“उतरत नाही म्हणे! मेल्या, उतरव.”

मग ती थापत राहिली आणि तो खात राहिला. असं म्हणतात, पिठाच्या मडक्याचा तळ दिसला, तिने मडक्याला एक शिवी हासडली, आणि मडकं पुन्हा भरलं. ओट्यावरून एक जण ओरडला, “पोट आहे की रांजण?” तिने आतूनच उत्तर दिलं, “लग्नात तू काय होतास, ते तुझ्या सासऱ्याला विचार!” लोक हसले. मारायला आलेली माणसंही हसतात, पोरांनो, हे ध्यानात ठेवा.

जळण संपलं. तिने मुक्कामाच्या खोल्यांची दारं काढली आणि चुलीत घातली. मग बाजा, मग खिडक्यांच्या चौकटी. उभा जन्म घालून उभं केलेलं, सगळं भाकऱ्यांखाली जाळलं. तेही संपलं तेव्हा, असं म्हणतात, तिने आपली सावली उचलली आणि चुलीत सारली. सावलीचा जाळ निळा लागला. त्यानंतर ठकूबाईची सावली कुणी पाहिली नाही.

उन्हं कलली. घाटाच्या शेवटच्या वळणावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. ठकूबाईने ऐकला, म्हसूनेही ऐकला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाचलो, असं त्याला वाटलं. आणि वाचलेल्या माणसाने जे करावं, तेच त्याने केलं. तांब्या कलता केला, ताटात हात धुतला, आणि हात जोडून म्हणाला, “अन्नदाता सुखी भव.”

ठकूबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“झालं त्याचं जेवण,” ओट्यावरून रंगराव म्हणाला.

ती आडवी पडली, चावली, उलथनं हाणलं. तिला बाजूला सारून त्यांनी त्याला विहिरीवर नेलं. कान झाकू नका. दगडांनी मारलं त्याला. गाड्या आल्या तेव्हा पाणी साचलेलं ताट तेवढं जागेवर होतं.

पटकी काही थांबली नाही. म्हसू मेल्यावर आणखी जोरात फिरली. तेव्हा त्या बिनदाराच्या खोल्यांत आजारी माणसं आणून निजवली, आणि ठकूबाईनेच त्यांना पेज पाजली. काठ्या घेऊन आलेलेही आले. त्यांना तिने उपाशी ठेवलं नाही. मात्र बसू दिलं नाही, खायचं ते उभ्याने.

रंगराव भिंतीला धरून कसाबसा उभा होता. “मावशी, पाय धरतो. एकदा बस म्हण.”

“खा,” ती म्हणाली. बस म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, मरेपर्यंत नाही.

अजूनही उन्हाळ्यात एक दिवस खिरवडी रस्त्यावर पंगत धरते. वाटेवरच्या कुणालाही हाताला धरून बसवतात, नाव-गाव विचारत नाहीत. पोलीस आला तरी ताट आटपेपर्यंत ओट्यावर थांबतो. जेवण झालं असं कुणी तोंडाने म्हणत नाही. आणि त्या काठीवाल्यांच्या घरची माणसं, सुना-नातवंडांसकट, पंगतीच्या कडेला ताट हातात धरून उभ्याने जेवतात. रंगरावाची पणतसून गेल्या साली नऊ महिन्यांची पोटुशी होती. बायकांचा जीव कळवळला. पाट पुढे सरकवला. पण ‘बस’ म्हणायचा हक्क ठकूबाईचा होता, आणि तो ती कुणाला देऊन गेली नाही.

पोर उभीच राहिली. पाट तिथेच राहिला.